भांडं रिकामं जात नाही

खण्ण! तांदळाच्या डब्याचं झाकण माझ्या हातातून निसटलं, फरशीवर आपटलं आणि भिंगरीसारखं फिरत राहिलं. पहाटेचे साडेपाच. लाइट गेलेली, त्यामुळे मागच्या शेडमधले कापडाचे लूमही गप्प. एरवी त्या खडखडाटात डबाच काय, कपाट पडलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मी झाकणावर पाय ठेवला आणि श्वास रोखून उभी राहिले.

"उंदीर," आतून सासूबाई म्हणाल्या. "आता तांदळावरही आलेत मेले. आज पिंजरा आणायचाच." आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागल्या.

सखी मात्र अंथरुणात उठून बसली होती. साडेचार वर्षांची आहे, पण झोपेतून उठते ती थेट चौकशीलाच.

"मम्मी, तू काय चोरतेस?"

"आपल्याच घरातलं घेतलं तर चोरी नसते."

"मग हळू का बोलतेस?"

मी तिला मांडीवर घेतलं, केस विंचरायचं निमित्त केलं आणि तिच्या कानात सगळं सांगून टाकलं. कमळाआजीला ताप आलाय, म्हणून तिचं काम आज मला करायचंय, आणि त्या कामाला दोन वाट्या तांदूळ लागतात. सखीने मान डोलावली. तिच्या मते जगातली बरीचशी कामं अशीच असतात.

कमळाबाई, म्हणजे आमची कमळामावशी, आणि मी काल्हेरच्या एका गोदामात एकाच टेबलावर काम करतो. तिसरी सोनल, स्कूटीवरून येणारी आणि तोंडाने कुणालाच हार न जाणारी. आमच्या गोदामातून परदेशात मदतीची खोकी जातात. सध्या सोमालियाला चालली होती. तिकडे पावसाने कितीतरी हंगाम चुकवलेत आणि वर गोळीबार, म्हणून माणसं गावं सोडून तंबूंत राहतात, असं सुपरवायझर हितेशसरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. एका घरासाठी एक खोकं. त्यात दोन ताडपत्र्या, चार कांबळी, मच्छरदाणी, घडीचा पाण्याचा कॅन, साबण, पाणी साफ करायच्या गोळ्यांची पट्टी आणि स्टीलच्या भांड्यांचा संच. मोठ्या पातेल्यात लहान पातेलं, त्यात ताटल्या, वाट्या, पेले, पाच चमचे.

सोमालिया हे नाव मला नवं नव्हतं. शाळेत मी इतकी काटकुळी होते, की मुलं मला त्याच नावाने हाक मारायची. पहिल्या खोक्यावर तो शब्द छापलेला पाहिला तेव्हा आधी मी दचकलेच, कुणी माझ्या नावाने पार्सल पाठवलंय की काय म्हणून. मग मनातल्या मनात म्हटलं, बाई, चाळीस किलोची तू, आता तूच त्यांचं खोकं भर.

खोक्याच्या चारही बाजूंना मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, 'नॉन-फूड'. आत खाण्याची वस्तू नाही. बिस्किटाचा चुरा नाही, एक दाणा नाही. अन्न वेगळ्या जहाजाने, वेगळी माणसं पाठवतात. या खोक्यात दाणा सापडला, तर किडे होतील म्हणून बंदरावर सगळा माल अडकतो.

"म्हणजे भुकेल्याला ताट द्यायचं, वाटी द्यायची, चमचा द्यायचा," सोनल म्हणाली होती, "आणि म्हणायचं, बसा, स्वयंपाक दुसऱ्या बसने येतोय."

मावशीची गोष्ट मला कळली ती आवाजावरून. भांड्यांचा संच लावायचं काम तिचं. एकदा तिने पुढे सरकवलेलं पातेलं मी उचललं, तर आतून छुन्न वाजलं. झाकण उघडून पाहते तो तळाशी चिमूटभर तांदूळ.

"मावशी! हे काय?"

"काय म्हंजे? तांदूल," ती म्हणाली, जसं काही मी तिला चंद्र दाखवून विचारलं होतं.

"अगं, खाण्याचं घालायचं नाही म्हणून लिहिलंय ना वर!"

"मी वाचीत न्हाय." मग कंबरेच्या बटव्यातून पुढची चिमूट काढत तिने मला समजावलं. "हे बग सुवर्णा. आपल्या हातातनं दुसऱ्याच्या घरी भांडं जातं, ते रिकामं जात न्हाय. रिकामं धाडलं म्हंजे, तुमची चूल बी अशीच राहू दे, असं बोलल्यासारखं व्हतं. त्यांच्यावर आधीच काय कमी हाय?"

"पण त्यात वाट्या आहेत, पेले आहेत. रिकामं कुठंय?"

"भांड्यात भांडं म्हंजे रिकाम्यात रिकामं."

मी तेव्हाच हितेशसरांना सांगायला हवं होतं. पण कशी सांगणार? आमच्या घरात नवस नाही, उपास नाही, दृष्ट काढणं नाही. सासूबाईंनी तरुणपणीच सगळं गुंडाळून ठेवलंय. तरीही समोरच्या भाभीचा डबा परत करताना त्यात काही नाही तर गुळाचा खडा घालतातच. मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, "ही अंधश्रद्धा नाही गं, हा शेजार आहे." तो शेजार आमच्या शेलार गावाहून सोमालियापर्यंत ताणला जाऊ शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं एवढंच.

म्हणून मावशीने तापातून निरोप धाडला, "माझ्या मागं भांडी रिकामी जाऊ देऊ नको," तेव्हा मी डब्याला हात घातला. त्या मंगळवारी सबंध दिवस मी डोळे खोक्यावर आणि बोटं बटव्यात ठेवून काम केलं. सोनलने दोनदा विचारलं, "पोटात दुखतंय का?" तिसऱ्यांदा मी तिलाही सांगून टाकलं. ती इतकी हसली, की तिला मच्छरदाणीत तोंड खुपसावं लागलं.

बुधवारी मावशी आली आणि तिच्या मागोमाग हितेशसर आले, हातात कागद.

"ऐका सगळ्या! उद्या अकरा वाजता संस्थेच्या मॅडम येतायत. फॉरेनहून. कुठलीही वीस खोकी स्वतः उघडणार. मागच्या महिन्यात तीन नंबर गोदामात शेंगदाण्याची साल सापडली, आठवतंय ना? टेबलावरच्या सगळ्या बायांची कार्डं जमा झाली, कामं गेली. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." जाता जाता ते मावशीपाशी थांबले. "आज्जी, तुम्ही आधीच स्लो आहात. उद्या काही गडबड झाली, तर मी पण काही करू शकणार नाही, हां."

ते गेले. मावशीने गळ्यातलं फोटोचं कार्ड मुठीत धरलं. त्या कार्डाच्या आधी ती वीटभट्टीवर होती, वीस वर्षं. डोक्यावर विटा वाहून तिची मान अजून एका बाजूला कलते. या वयात पुन्हा तिथे उभी राहिली असती तर पावसाळ्यापर्यंतही टिकली नसती. आणि तिला तिथे उभी करणारे तांदूळ मागच्या भिंतीला लागून, आमच्या टेबलाचा तीन नंबर मिरवत, चिकटपट्टी मारून तयार होते. एकशे चाळीस खोकी. त्यातली निम्मी माझ्या हातची.

"पळून जावू का?" मावशी म्हणाली.

"तू पळालीस तरी तांदूळ कुठे पळणारेत?" सोनल म्हणाली. "खोकी उघडावी लागतील."

"सर उघडू देतील?"

"आपण कशाला विचारायचं? तेच सांगतील." सोनलने एक संच घेतला, त्यातला एक चमचा ओढणीत लपवला आणि सरळ हितेशसरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, माझी चूक झाली असेल तर सांगा. चमचे किती असतात?"

"पाच."

"मग हे चार का आलेत?"

सरांनी मोजले. पुन्हा मोजले. "दुसरा दाखव." सोनलने दुसरा दिला, त्यातही चार. आता तिच्या ओढणीत दोन चमचे होते आणि ती पुतळ्यासारखी उभी होती, कारण हलली असती तर वाजले असते.

"अरे देवा! कंपनीने चमचे कमी पाठवले! टेबल तीनची सगळी खोकी खोला! आत्ताच्या आत्ता! एकेक संच चेक करा!"

"सगळी? सर, एकशे चाळीस आहेत," सोनल रडव्या आवाजात म्हणाली.

"एकशे चाळीस असू दे नाहीतर हजार!"

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि अगदी हळू, पाय न उचलता, सरकत सरकत परत आली.

मग आम्ही जे काम केलं, ते पगाराच्या कुठल्याही कामापेक्षा मन लावून केलं. चिकटपट्टी फाडायची, पातेलं उलटं करायचं, तळावर थाप मारायची, तांदूळ गोळा. मावशीचा पदर भरला, माझा डबा भरला, मग सोनलने आपलं हेल्मेट पुढे केलं. तेवढ्यात सर आले.

"हेल्मेट इथे कशाला?"

"वरून खोकं पडलं डोक्यात तर?" सोनलने ते छातीशी धरलं.

"बघा, सेफ्टी शिका हिच्याकडून," सर सगळ्यांना म्हणाले. "पण मग घाल ना डोक्यात."

"सर, केस ओले आहेत." सर पुढे गेले.

साडेचारला शेवटचं पातेलं झटकून झालं. आता पुन्हा भरायचं आणि चिकटपट्टी मारायची. आणि नेमकी तेव्हा मावशी खाली बसली, हात मांडीखाली घालून.

"मी झाकण लावणार न्हाय."

"मावशी, दीड तास उरलाय!"

"एकशे चालीस घरांत रिकामं भांडं धाडायचं? माझ्या हातनं व्हणार न्हाय. कार्ड गेलं तरी चालंल."

"तुझं एकटीचं नाही जाणार, आमचंही जाईल," सोनल म्हणाली. मावशीने तिच्याकडे असं पाहिलं, की सोनलने जीभ चावली. मावशी उठेना. आम्ही तिला ओढायला लागलो, तर ती ओल्या पोत्यासारखी जड झाली. मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं.

मी तिच्याशेजारी बसले. "मावशी, तुझ्या गावात कुणाच्या घरी काहीच नसलं तर? दाणा नाही, गूळ नाही, मीठ नाही. तेव्हा शेजारणीचं भांडं कसं परत करतात?"

"तवा पाणी घालतात," ती म्हणाली. "घोटभर. पाण्याला कुनी न्हाय बोलत न्हाय."

आता पाणी कुठून घालणार? कांबळी भिजली असती. मी डोकं धरून बसले, आणि माझ्या नजरेसमोर टेबलाच्या कडेला ती पट्ट्यांची चळत होती. पाणी साफ करायच्या गोळ्या. भिंतीवरच्या तक्त्यातल्या चित्राप्रमाणे ती पट्टी खोक्याच्या कोपऱ्यात, छोट्या पिशवीत ठेवायची असते.

"मावशी, एक गोळी म्हणजे किती पाणी माहितेय? वीस लिटर. एका पट्टीत दहा. ही पट्टी पातेल्यात ठेवली तर?"

तिने पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली, हुंगली. "याच्यात पाणी हाय?"

"घाण पाणी असेल ते याने पिण्याजोगं होतं."

"म्हंजे तांब्याच झाला की." तिने बराच विचार केला. सोनल घड्याळाकडे बघत नखं खात होती. "पण ही दिलेल्यांपैकीच हाय. आपलं त्यात काय?"

"आपला हात," मी म्हणाले. याहून चांगलं मला काही सुचलं नाही.

मावशीने पट्टी पहिल्या पातेल्यात ठेवली, कानाशी धरून हलवली. खुळ्ळ. तिने मान हलवली आणि झाकण लावलं. सहाला दोन मिनिटं असताना आम्ही शेवटची चिकटपट्टी मारली. चमचे एकूणएक पाच भरले. "चेकिंगचा फायदा झाला बघा," हितेशसर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सबंध गोदाम गोऱ्या मॅडमची वाट बघत होतं. गाडीतून उतरली ती उंच, काळीसावळी, डोक्याला रुमाल गुंडाळलेली बाई, माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. मॅडमचं नाव हलीमा.

"ही फॉरेनची?" सोनल कुजबुजली. "अशा दहा हलीमा इथल्याच निजामपुऱ्यात भाजी घेताना दाखवते."

मॅडम एकेका खोक्याला हात लावत फिरल्या आणि बोट दाखवलं ते आमच्याच ढिगाकडे. सगळं टेबलावर मांडलं. कांबळी मोजली, ताडपत्रीची शिवण ओढून पाहिली. मग पातेलं घेतलं, झाकण काढलं, आतलं सगळं बाहेर ठेवलं आणि रिकामं पातेलं उलटं करून तळावर थाप मारली. अगदी आमच्यासारखी.

टक्.

एक दाणा. लेबलच्या दुमडलेल्या कडेत अडकून राहिला असणार. पांढऱ्या टेबलावर तो इतका मोठा दिसत होता, की मला वाटलं ठाण्याहून दिसेल. हितेशसरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मॅडम वाकल्या.

त्यांच्या आधी मावशी वाकली. तिने बोटाचं टोक जिभेला लावलं, दाणा टिपला आणि तोंडात टाकला. चावलासुद्धा.

मॅडमनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. दाणा कुठून आला हे हितेशसरांना माहीत नव्हतं, पण लॉट नापास झाला तर आपलीही खुर्ची जाते हे माहीत होतं. त्यांनी लांबलचक उत्तर दिलं. त्यातले मला दोनच शब्द कळले, 'बीपी' आणि 'टॅबलेट'. मावशीने ते ऐकून लगेच कपाळाला हात लावला. इतकी आजारी ती तापातही दिसली नव्हती.

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग मावशीला बसायला खुर्ची आणायला सांगितली आणि पुढचं खोकं उघडलं. मग त्याच्या पुढचं. वीस झाली. दाणा नाही. मावशी खुर्चीत बसून प्रत्येक थापेला डोळे मिटत होती.

पण शेवटी मॅडमनी गोळ्यांची पट्टी उचलली, भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि सरांना प्रश्न केला. सरांनी माझ्याकडे डोळे वटारले. "पट्टी पिशवीत का नाही? पातेल्यात का? हे तरी तुम्हीच सांगा!"

मला इंग्रजी येत नाही. मी सरळ मॅडमकडे बघून हिंदीत बोलले. "मॅडम, पानी का सामान पानी के बर्तन में. घर की औरत पहले बर्तन ही खोलेगी ना? ढूंढना नहीं पड़ेगा."

सरांनी भाषांतर केलं. मॅडमनी पट्टी पातेल्यात टाकली, काढली, पुन्हा टाकली. मग हसल्या आणि भरभर बोलायला लागल्या. सरांनी सांगितलं, तिकडे तंबूंत बायका ती छोटी पिशवी फेकून देतात. बुटांच्या खोक्यात निघते ना, 'खाऊ नये' लिहिलेली, तसलीच वाटते त्यांना. मॅडमनी स्वतः कचऱ्यातून गोळ्या वेचल्यात. आता यापुढे सगळ्या गोदामांत पट्टी पातेल्यातच जाणार. तक्ता बदलणार.

"आयडिया कुणाची, विचारतायत," सर म्हणाले, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला. सोनलने माझ्या पायावर पाय दिला. मीही दिला. ठेवू दे त्यांना छातीवर हात. मावशीचं कार्ड तिच्या गळ्यात होतं.

मॅडम निघताना मावशी खुर्चीतून उठली. "सर, त्यांना एक इचारा. तिकडं शेजारणीचं भांडं परत करतात, तवा त्यात काय घालून देतात?"

"असलं काही विचारायचं नसतं," सर दातांतून म्हणाले, आणि मॅडमना त्यांनी इंग्रजीत काय सांगितलं ते मलाही कळलं. थँक यू. मॅडमनी मावशीचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्याही थँक यू म्हणाल्या. मावशी उत्तराची वाट बघत हात तसेच धरून उभी होती.

घरी आले तेव्हा सासूबाई भाभीकडे बसल्या होत्या. तेवढ्यात मी कालपासून टिफिनमध्ये लपवलेले माझ्या वाटणीचे तांदूळ डब्यात ओतले. घाईत मावशीचेही थोडे आले असावेत, कारण रात्रीचा भात टाकताना सासूबाई डब्यासमोर थबकल्या.

"सुवर्णा, डबा वर आलाय गं."

"असं होय?"

"पिंजऱ्याला घाबरून परत आणून टाकले की काय मेल्यांनी!" त्यांनी तो पिंजरा सन्मानाने माळ्यावर ठेवला. सखी तोंडावर उशी दाबून हसत होती.

तिला जवळ घेऊन मी दिवसाची सगळी हकिकत सांगितली. हेल्मेट, चमचे, मावशीने खाल्लेला पुरावा. ती ऐकता ऐकता गंभीर झाली.

"म्हणजे त्यांना तांदूळ गेलेच नाहीत?"

मी दाराकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "कुणाला सांगायचं नाही. मागच्या आठवड्यात एक गाडी आधीच गेलीये. दोनशे खोकी. ती आता जहाजात, समुद्रात आहेत. प्रत्येक भांड्यात कमळाआजीचे चिमूट चिमूट तांदूळ."

तिचे डोळे मोठे झाले. दोनशे म्हणजे किती, ते तिने आधी बोटांवर करून पाहिलं, मग माझ्या बोटांवर, मग सोडून दिलं. आपण भाभीचा डबा धुऊन परत देतो, भाभी आपला देते, कधी शेवया घालून, कधी बोरं. ते सगळं तिच्या डोक्यात चाललं होतं, हे मला दिसत होतं. दिवा घालवला तरी ती जागीच होती.

"मम्मी."

"झोप आता."

"ते लोक भांडं परत द्यायला येतील ना, तेव्हा त्यांना आपलं घर कसं सापडणार?"